मेडशीचं न खाजणारं गजकर्ण

वाशीमला अकोल्याची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत भुवया कोरायचा चिमटा होता. पासष्टीच्या बाईला कसल्या डोंबलाच्या भुवया! पण अमेरिकेतल्या लेकीने बजावलं होतं, "आई, रानात जातेस, चिमटा ने." तिच्याकडे राहिले तेव्हा फिरून आलं की जावईबापू दारातच सगळ्यांचे मोजे आणि पोटऱ्या तपासायचे. गोचिडीचा एवढा बाऊ! मी मनसोक्त हसले होते.

मेडशीच्या फाट्यावर विमल उभी होती. डी.एड.च्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. नोकरी तिने केलीच नाही. शेती केली, आणि नवरा गेल्यावर तीही एकटीने. सोयाबीन निघालं होतं, तूर पिवळ्या फुलांवर होती. धुऱ्यावरून (बांधावरून) गुडघाभर गवत तुडवत घरी पोचलो. पातोडीचा रस्सा इतका तिखट, की डोळे पुसत पुसत मी तो दुसऱ्यांदा वाढून घेतला.

संध्याकाळी ती कोठ्यात (गोठ्यात) शिरली, मी मागोमाग. बैलांचे कान, मानेखालची पोळी, शेपटीची बगल, सगळं चाचपून ती एकेक गोचीड काढून डिझेलच्या डब्यात टाकत होती. तेवढ्यात माझ्याच घोट्यावर एक चिकटलेली दिसली आणि मी किंचाळले.

"थांब, अगरबत्तीचा चटका देतो. आपोआप सुटते."

"नको गं! चटक्याने ती पोटातलं आपल्या अंगात ओकते म्हणे." चिमट्याने कातडीलगत धरून, न पिळता, सरळ वर ओढली. अख्खी आली. जागा साबणाने धुतली.

"तू रोज हाताने काढतेस. तुला चावत नाहीत?" मी विचारलं.

"चावत असन. बैलायचं मी पायतो, मले कोण पायते वं?"

ती हसली आणि लगेच कण्हली. तीन दिवस अंगात ताप मुरवत होती बया! वर पाठीवर गजकर्ण, त्याला मेडिकलमधला मलम चालू. मी पाठ पाहिली. खांद्याखाली तळहाताएवढं लाल कडं, मध्ये फिकट.

"खाजतं का?"

"बिलकुल नाई. मलम लय भारी हाये."

न खाजणारं गजकर्ण मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं. बॉलपेन काढून कड्याच्या काठाने रेघ ओढली.

"काहून वं, नकाशा काढून राह्यली का?"

सकाळी कडं रेघेच्या बाहेर गेलं होतं. लेकीच्या शेजाऱ्याने असंच कडं अंगावर काढलं, तर पुढे त्याचं तोंड वाकडं झालं, गुडघे सुजले. विमलचा तर सगळा संसार तिच्या गुडघ्यांवर उभा. तिला ओढतच वाशीमला नेलं.

डॉक्टरबाई शाईची रेघ पाहून हसल्या नाहीत. "लाइम नावाचा आजार असू शकतो. आपल्याकडे क्वचितच दिसतो. पण गोचिडी, वाढतं कडं आणि ताप, एवढं पुरे. रक्ताची तपासणी सुरुवातीला निगेटिव्हही येते, तिच्यासाठी थांबायला नको." त्यांनी अँटिबायोटिक दिलं, बरं वाटलं तरी गोळ्या संपवायच्या. शिवाय गवतात जाताना पूर्ण बाह्या, पायात मोजे, आणि रोज सगळं अंग तपासायचं.

"पाठ बघायला घरी कोण आहे?"

"दोन बैल," विमल म्हणाली.

दोन दिवसांसाठी गेलेली मी आठवडा राहिले. रोज बैल झाले की विमलची पाठ. ताप उतरला, कडं फिकं पडत गेलं. निघताना तिने शेजारच्या सरलाला माझ्यादेखत पाठ दाखवली आणि हे काम तिच्यावर सोपवलं. मला हायसं वाटलं.

पुण्याला घरी आले. घोटे, गुडघ्यांमागची बाजू, काखा, सगळं पाहिलं. पाठ राहिली. दोन आरसे धरून मान मोडेस्तोवर वळले, तरी अर्धी दिसेना. मला कुणाची गरज लागत नाही, असं मी एकटी राहू लागल्यापासून बारा वर्षं मिरवत आले होते. त्या दिवशी मात्र भीती वाटली, खरंच.

मग गाऊन चढवला आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

"वहिनी, जरा माझी पाठ बघता?"