कराड ते बंगळूर, एकाच रुंदीच्या रुळावरून

तुळजोजी अण्णांचं नाव आधी लिहितो. बंगळूरहून मी आलो तो रिकाम्या हातानंच. पण ते नसते तर हे चार शब्द लिहायलाही धजावलो नसतो.

कराडहून निघालो तेव्हा आईनं भाकरी-ठेच्याचं गाठोडं हातात दिलं आणि एवढंच म्हणाली, "चिकटून राहा." सातवीत शाळा सुटलेल्याला संशोधन संस्थेत काम मिळतंय, याचं तिला नवल आणि मला धास्ती. ओळखीतले पाटणकर साहेब तिथं इंजिनियर. गर्दीच्या स्टेशनात कुठली गाडी कुठल्या फलाटावर घ्यायची, हे गणकयंत्राकडून ठरवून घ्यायचं त्यांनी मनात घेतलं होतं. यंत्राला द्यायच्या सूचना ते स्वतः लिहीत. त्याला प्रोग्राम म्हणत. मी स्टेशनात बसून गाड्यांच्या नोंदी करायच्या. महिनाभराचं काम. जमलं तर कायम.

मिरज गेलं, हुबळी गेली, अरसीकेरेला पहाटे नारळाचे ढीग दिसले. एवढ्या लांबच्या प्रवासात गाडी एकदाही बदलावी लागली नाही. याचं मला कौतुक वाटलं. पुढे तेच नडलं.

बंगळुरात उतरलो तर भर उन्हाळ्यात सकाळी गारवा. बायका टोपल्यांतून मल्लिगे (मोगरा) विकत होत्या. कोण काय बोलतंय ते कळेना. फलाटाच्या टोकाला, रुळांचे सांधे फिरवतात त्या केबिनच्या पायरीवर मला जागा दिली होती. तिथं सांधेवाले तुळजोजी अण्णा भेटले. डोक्याला रुमाल, मिशा पांढऱ्या आणि बोलणं चक्क मराठी!

"कुठला रे तू?"

"कराडचा."

"आमचे लोक फौजेबरोबर तिकडूनच आले म्हणतात. तीनशे वर्षं झाली, परतीची गाडी काही लागली नाही बघ!" असं म्हणून त्यांनी आपल्या पेल्यातली अर्धी कॉफी मला ओतून दिली. "स्वल्प (थोडी) घे. रडका दिसतोस."

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी वही चाळली. गाडीचं नाव, यायची वेळ, जायची वेळ, फलाट.

"सगळं लिहिलंस. रुळाची रुंदी कुठे?"

मला प्रश्नच कळला नाही. पण विचारलं तर अडाणीपणा उघडा पडेल, म्हणून ठोकून दिलं, "ते साहेबांना ठाऊक आहे."

"सरी (बरं)," अण्णा म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

महिना संपला. नोंदींची भोकं पाडलेली कार्डं झाली, यंत्रात गेली. यंत्रानं छापलेला लांबलचक कागद घेऊन साहेब रेल्वेच्या अधिकाऱ्यांपुढे बसले; मी दाराशी उभा. एक अधिकारी कागदावर बोट ठेवून इंग्रजीत काही बोलले आणि सगळी खोली हसली. बाहेर आल्यावर साहेबांनी मला अर्थ सांगितला: "तुमचं यंत्र मद्रासच्या गाडीला म्हैसूरच्या रुळावर बोलावतंय. बाहेर लोंबणारी चाकं हातात धरायची का?"

मद्रासकडचा रूळ रुंद, म्हैसूरकडचा अरुंद. साहेब स्टेशनात दोनदाच आले होते. यंत्राला तर मी लिहिलं तेवढंच माहीत. आणि मी? कराडपासून एकाच अरुंद रुळावरून आलेला माणूस. रूळ म्हणजे रूळ! महिनाभर माझी नजर घड्याळावर होती, जमिनीकडे गेलीच नाही.

केबिनच्या पायरीवर येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. खोटं बोललो होतो, तेही.

"का बोललास?"

"अडाणी दिसेन म्हणून."

"मग मी कोण पंडित? माझ्या सहीतली अक्षरं अजून स्टेशनमास्तर सांगतो." पाळी संपल्यावर त्यांनी मला रुळांवर नेलं. "एक पाय ह्या रुळावर, एक त्या. राहिलास उभा? आता इकडच्या जोडीवर कर." तिथं पाय पुरले नाहीत. खडीवर आपटलो. "आता विसरशील?"

सुट्टीचे दोन दिवस त्यांनी माझ्यासाठी घालवले. एकेक फलाट, एकेक सांधा चालून दाखवला, मी लिहीत गेलो. साहेबांनी ते कागद नीट वाचले.

"सगळं बरोबर आहे. पण यंत्र आपलं नाही रे. दुसऱ्या संस्थेकडून एकदाच मागून मिळालं होतं. रेल्वेवालेही आता दारात उभं करणार नाहीत." म्हणजे माझं कामही संपलं. मी वही त्यांच्या टेबलावर ठेवली.

निघताना अण्णांनी खिडकीची जागा धरून दिली, केळीच्या पानात पुळियोगरे (चिंचभात) दिला. हुबळीपर्यंत तो मी सोडलाच नाही. आई दारातच म्हणाली, "आलास?" आणि आत जाऊन चुलीवर तवा ठेवला.

एका प्रश्नाला खरं उत्तर दिलं असतं तर, हे आता जन्मभर पुरेल. ज्यानं तो विचारला, त्याच्यासाठी मात्र एक करीन. अण्णा, मी तुम्हाला न्यायला येईन. कृष्णेच्या घाटावर बसवीन, आईच्या हातची भाकरी वाढीन. खिडकी तुमची. कराडपर्यंत कुठेही गाडी बदलावी लागत नाही; हे तरी मी आता रूळ बघून सांगतो आहे.