रंगारी बसायला शिकतो

माझा धाकटा भाऊ रंगारी. अठरा-अठरा मजली इमारतींना बाहेरून रंग देताना परांचीवर उभा राहून शीळ घालायचा. कधी खरचटलंसुद्धा नाही. आणि पडला कुठून? माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून! छताचा एक कोपरा राहिला होता, तो मीच बोट करून दाखवला होता. पाठ ओट्याच्या कडेवर आपटली आणि कमरेखालचं सगळं गेलं.

ऑपरेशननंतर व्यायाम सुरू झाला. मला वाटलं, आता उभं करतील, चालवतील. व्यायामाच्या मॅडमनी त्याला पलंगाच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडले आणि म्हणाल्या, "हात मांडीवर ठेवा." त्यानं ठेवले आणि भाजीच्या पिशवीसारखा कलंडला. मॅडमनी धरलं म्हणून वाचला. भर वाऱ्यात तोल सांभाळणारा माणूस, त्याला साधं बसता येईना! तेव्हापासून व्यायामाच्या वेळी मागे बसून त्याला धरणं हे माझं काम झालं.

मग एका मंगळवारी चादर बदलताना त्याचा उजवा पाय ताडकन उडाला. मी किंचाळलेच. पाय हलला, आता चालेल, असं सांगायला एकही नातेवाईक फोनशिवाय सोडला नाही. गुरुवारी मॅडमना सांगितलं, तर त्यांनी त्याचं पाऊल झटकन वर दाबलं. पाय थडथड उडाला. मग त्याला म्हणाल्या, "आता तुम्ही हलवा." पाय ढिम्म.

"मणक्याला मार बसला की पाय असे आपोआप उडतात," मॅडम म्हणाल्या. "एवढ्यावरून ताकद परत आली असं नाही म्हणता येत."

"काल कॉलेजातून बाहेर पडलात आणि मला शिकवताय?" मी तोंडाला येईल ते बोलले.

"ताई, पुरे," भाऊ म्हणाला. "मला माहीत होतं ते. त्याच दिवशी कळलं होतं. मी हलवलाच नव्हता पाय."

"मग बोलला का नाहीस?"

"महिनाभर तू धड जेवली नव्हतीस. त्या दिवशी पोटभर जेवलीस."

मी खुर्चीत बसले. मी भावाला सांभाळते म्हणून जगभर सांगत फिरत होते, आणि पलंगावर पडल्या पडल्या तोच मला सांभाळत होता. लाज वाटली, रागही आला. काय करावं सुचेना, म्हणून नेहमीसारखी उठून त्याच्या मागे बसायला गेले.

"आजपासून मागे बसू नकोस," तो म्हणाला.

"का? रागावलास?"

"तू धरलंस की मी अंग सोडून देतो, ताई. असा मी कधीच बसणार नाही."

मी मॅडमकडे पाहिलं. वाटलं, त्या तरी नाही म्हणतील. त्यांनी मान हलवली, होय म्हणून. इतके दिवस मीच त्याला बसू दिलं नव्हतं. मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. त्यानं हात मांडीवर ठेवले आणि मॅडम आकडे मोजू लागल्या. पाचला तो डावीकडे झुकला, पण सावरला. नऊपर्यंत एकटा बसला. मी हाताची घडी घट्ट घालून उभी होते, नाहीतर धावले असते.