पद्माकाकूंची साक्ष

आधीच सांगते, अंगात येणं, आत्मा वगैरे गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कुणी असले किस्से सुरू केले की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठायचे. पण हे माझ्याच तोंडून घडलं... आता उठून जाणार कुठे?

आम्ही मूळचे साताऱ्याचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे म्हैसूरला आलो, हिनकलला राहतो. मी घरबसल्या मराठी पुस्तकांची प्रुफं तपासते. शेजारी जयवंतकाका — निवृत्त वकील. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आलेले. घरात मराठीच, पण तिच्यात निम्मं कन्नड. आपण "नाही का" म्हणतो तिथे ते "अल्वा" म्हणतात, आणि तेही दर वाक्याला!

काकांची एकुलती एक मुलगी, मेघना, कायद्याच्या शिक्षणासाठी परदेशी गेली आणि पोचली त्याच दिवशी तिथल्या रेल्वे स्टेशनवरच्या बॉम्बस्फोटात गेली. स्फोट घडवणारा तिसऱ्याच देशात पळाला. त्या देशाने त्याला सोपवलं नाही, खटला उभाच राहिला नाही. जन्म कोर्टात काढलेला माणूस, आणि स्वतःच्या लेकीसाठी कोर्ट नाही. फार वाईट वाटायचं त्यांच्याकडे पाहून.

म्हणून काका कादंबरी लिहू लागले. तिच्यात एक गुप्तहेर बाई त्या माणसाला हुडकून काढते आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालतो. हेरगिरी जरा फिल्मी होती, मी तसं तोंडावर सांगितलंही. कोर्टाचे प्रसंग मात्र जिवंत.

एकच प्रकरण अडलं होतं — मुलीच्या आईची साक्ष. काकांच्या पत्नी, पद्माकाकू, मेघनाबद्दल शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी त्यांना पाहिलेलंही नाही. आम्ही इथे यायच्या आधीच त्या गेल्या. "तीच बोलली नाही, मग मी तिच्या तोंडी काय घालू?" काका म्हणाले. शेवटी ते प्रकरण मी लिहिलं. अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत. एकही अल्वा नाही.

काकांची पद्धत अशी, की कोर्टाचा प्रसंग मोठ्याने वाचायचाच. ते वकील होऊन उभे, मी साक्षीदार होऊन खुर्चीत. साक्ष डोळ्यांनी नाही, कानांनी कळते म्हणायचे. त्या दिवशी टळटळीत दुपार होती. व्हरांड्यात ऊन, रस्त्यावर हुणसूरच्या बसचे हॉर्न. घाबरावं असं काही म्हणजे काही नव्हतं.

काकांनी आरोपीच्या वकिलाचा प्रश्न वाचला. "तुम्ही मुलीला शेवटचं कधी पाहिलं?"

उत्तर माझ्यासमोर छापलेलं होतं. मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते वेगळंच —

"ती गेटपाशी पोचली होती. तिचा तांबडा स्वेटर खुर्चीवर राहिलेला, तो माझ्या हातात. जाणाऱ्याला मागनं हाक मारू नये, अल्वा... म्हणून सुम्ने, गप उभी राहिले. हाक मारली असती तर परत आली असती. बसून, पाणी पिऊन निघाली असती. बस चुकली असती. विमान चुकलं असतं, अल्वा."

आवाज माझाच. बोलणं माझं नव्हे.

काकांनी कागद बाजूला ठेवले. काकूंच्या कपाटात, साड्यांखाली, एक तांबडा स्वेटर होता, हे मला नंतर कळलं. आठवण म्हणून ठेवला असेल, एवढंच काका समजत आले होते. मला तर त्या स्वेटरची कल्पनाच नव्हती.

ते माझ्या खुर्चीकडे बघत होते. माझ्याकडे नव्हे, खुर्चीकडे.

"पद्मा, तुझं तप्पु नाही," ते म्हणाले. "चूक झाली तर माझी. गेटाबाहेर रिक्षात बसून लवकर चल, लवकर चल म्हणून मीच ओरडत होतो."

मग पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले.

माझा नवरा म्हणतो, तू कुठेतरी ऐकलं असशील. कुणाकडून? काकूंनी काकांनाही न सांगितलेली गोष्ट मला कोण सांगणार? कादंबरीत आता त्या ओळी आल्या तशाच आहेत. प्रुफं तपासताना मी एकाही अल्वाला हात लावला नाही.

परवा नवरा डबा विसरून निघाला. गेटपर्यंत पोचला होता. मी मागून हाक मारली, चांगली दोनदा. वैतागत परत आला. त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याची बस चुकली.

चुकू दे.