वृषालीनं घेतलेला तास

वृषाली आमच्या गावातल्या दौलतची पोरगी. गावातली मराठी शाळा बंद पडली अन् तिची तिथली तात्पुरती मास्तरकी गेली. आता आदिलाबादच्या एका खाजगी इंग्लिश शाळेत जागा निघाली होती. थे नाही भेटली तर आईसंग जिनिंगमंदी, सरकी काढाच्या कारखान्यात, कापूस उचलाले जानं, दुसरं काई उरलं नव्हतं.

शाळेचे सायब म्हनले, "सातवी को फ्रेजल वर्ब पढाके बताओ. अ‍ॅक्टिव्ह, पॅसिव्ह दोनों."

त्याच जागेसाठी आलेले बाकीचे, भाग्यलक्ष्मी मॅडम बी, तेलुगूत अर्थ सांगून फळा भरून गेले होते. वृषालीले तेलुगू बाजारापुरतीच येते. तिनं खडूले हातच नाही लावला. पहिल्या बाकावरच्या मयूरीले म्हनलं, "टेक ऑफ युवर शूज!"

पोरगी घाबरली. वृषालीनं आंधी सोताची चप्पल काढली, मंग मयूरीनं बूट काढले.

"मयूरी टुक ऑफ द शूज." मंग मयूरीले दाराबाहेर धाडलं. "नाऊ? नो मयूरी. ओन्ली शूज. द शूज वर टेकन ऑफ."

पोरं खदखदा हासले. मंग पंखा बंद कर, खिडकी लाव, दप्तर उचल, नुसता धिंगाना. पन वाक्य सारेच बरोबर सांगून राह्यले होते. सायबानं मोबाइलवर साऱ्याचा व्हिडिओ काढून घेतला.

"बढिया, मॅडम! लेकिन पेरेंट्स मीटिंग में सब तेलुगू. आप क्या बोलते?"

"सीख लूंगी, सर."

"कब? हम भाग्यलक्ष्मी मॅडम को ले रहे. जाने के पहले उनको वो जूतेवाला दिखा दो जरा."

दुसरी कोनी असती तर तोंडावर नाही म्हनून निंगाली असती. वृषाली परत वर्गात गेली. पोरं वाट पाहून राह्यले होते ना! तिनं भाग्यलक्ष्मीले सारं दाखवलं, काई म्हनता काई मांगं ठेवलं नाही. अशी हाय थे. अन् सायबाले तेलुगू पाह्यजे!

"मॅडम, कल भी आप आते?" मयूरीनं इचारलं.

"बूट घाल पह्यले," वृषाली म्हनली.

घरी तिची आई मनकर्णाबाई दारातच बसून होती. "झालं का व?"

"शिकवनं लय आवडलं त्याइले."

"मंग?"

"दुसरीले ठेवलं."

मनकर्णाबाईनं दोरीवरचे दोन फडके काढून आनले. मंग म्हनली, "जिनिंगचा टेम्पो सकाळीच येते. तोंडाले फडकं बांधजो, नाहीतं रुई नाकात जाते."

"कोनतं घेऊ?" वृषालीनं इचारलं.