माठाखालची जाळी

त्या दिवशी धरणगावच्या जिनिंगमध्ये होतो ते असे: शेठ, जळगावहून आलेले साहेब, माझी सून, कामावरच्या बाया आणि मी. मी तिथं पाणी भरते. उजवा हात तिथल्याच मशीनमध्ये मनगटापासून गेला, तेव्हापासून एवढंच काम.

साहेबांनी पुस्तक आणलं होतं. कापसाचं मशीन कसं असावं, त्याचे नियम छापलेले. ते वाचून लोकांना कसं वाटतं, हे विचारत ते हिंडत होते. आमच्यात वाचणारी सून एकटी, दहावी झालेली. शेठनं तिला साहेबांपुढं उभं केलं.

तिनं वाचलं, "रोलरवर जाळी बसवल्याशिवाय मशीन चालू करू नये."

"सोपं वाटलं का?" साहेबांनी विचारलं.

तिनं शेठकडं बघितलं. "बठ्ठं सोपं शे, साहेब."

साहेबांनी 'सगळं सोपं आहे' एवढं लिहून घेतलं.

पुस्तकात जाळीचं चित्र होतं. ते मी ओळखलं. ओला कापूस अडकला की जाळी उघडायला मशीन बंद करावं लागतं, म्हणून ती कधीचीच काढून टाकलेली. आमचा पाण्याचा माठ तिच्यावरच बसतो. ती मशीनची आहे, हे शेठसुद्धा विसरून गेलेला.

मी म्हटलं, "साहेब, ती जाळी माठाखाली शे. चला, दाखवते."

"अक्का, आम्ही तपासणीवाले नाही. पुस्तक समजतं का, तेवढंच सांगा."

शेठ म्हणाला, "हात गेल्यापासून अक्काचं तोंड डबल ड्युटी करतं."

बाया हसल्या. सूनही हसली. तिला हसावंच लागलं. मग साहेबांनी सगळ्यांचा फोटो काढला. मला हात पदराखाली घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेठनं सुनेला माझ्या जुन्या मशीनवर लावलं. "तुझ्या सासूला जाळीची भारी काळजी. आता तू हात सांभाळ." ती जाऊन मशीनपुढं उभी राहिली. मी माठ भरायला घेतला. घरात दोघींचे मिळून तीन हात, चूल त्यांच्यावरच पेटते.

सून अजून त्याच मशीनवर आहे. कापूस अडकला की चालू मशीनमध्ये हात घालते. मी माठाजवळ बसून बघते.

मी सांगितलेलं हे वाचणाऱ्यांत कोणाची असली पुस्तकं छापणाऱ्यांशी ओळख असेल, तर त्यांना एवढं सांगा. पुढच्या खेपेला विचारायला याल, तेव्हा शेठला बाहेर बसवा. आणि आधी माठ उचलून बघा.