पहिले रस्ता सांग

या, असे जवळ येऊन बसा. दूर खुर्चीत बसून ऐकायची ही गोष्ट नाही. आणि तो मोबाईल जरा पालथा ठेवा. परवा तुमच्यातल्याच एकानं मला त्यात सायकलच्या टायरचे फोटो दाखवले. म्हणे, "मावशी, यातला कोणता मागवू?" अरे बाबा, फोटोत कधी कोणता टायर वाईट दिसला आहे का? नवा टायर म्हणजे हळद लागलेला नवरदेव, सगळेच उजळ दिसतात. त्याला पुढं कोणत्या रस्त्यानं चालायचं आहे, हे नको का पाहायला? एवढी शिकलेली माणसं तुम्ही, आणि एवढं साधं विचारत नाही.

रागावू नका. मलाही ते कळत नव्हतं. मला शिकवलं आमच्या मिस्त्रीभाऊंनी.

इंझोरीच्या पुढं आमचं गाव. एसटी थांबते तिथल्या लिंबाखाली त्यांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार टिना, एक पेटी, एक पाण्याचं घमेलं आणि लिंबाच्या फांदीला टांगलेला एक जुना टायर. तोच बोर्ड. कोणी येऊन म्हटलं, "मिस्त्री, टायर पाह्यजे," की ते आधी फडक्याला हात पुसायचे. सायकलकडं बघायचेच नाहीत. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "चप्पल काढ." मग ती चप्पल उलटी करून तळ पाहायचे, टाच कुठं झिजली, काटे किती रुतले, माती काळी की मुरमाची. आणि चप्पल परत देता देता त्यांचं ठरलेलं वाक्य, "टायर मंग. पहिले रस्ता सांग."

नवीन माणूस चक्रावून जायचा. जावई पाहायला आल्यासारखी चौकशी! कुठून कुठं जातो, मधात नाला आहे का, कॅरिअरवर काय असते, पावसाळ्यात जातो की नाही. पण एकदा टायर बसवून दिला, की तो माणूस दोन-तीन वर्षं टायरसाठी तोंड दाखवत नसे.

आमच्या शाळेच्या मास्तरांनी एकदा हट्ट धरला. त्यांना गोट्यांचा, म्हणजे वर रबराचे उंचवटे असलेला जाड टायर हवा होता, शहरात पोरं घेतात तसा. मिस्त्रीभाऊ म्हणाले, "मास्तर, तुमचा रस्ता घर ते शाळा अन् शाळा ते घर. सिमेंटाचा. त्यावर गोट्यांचा टायर भुंग्यावानी गुणगुणते. पोट्ट्यायले दोन गल्ल्या आंधीच कळन, का मास्तर येऊन राह्यले."

मास्तरांनी साधा टायर घेतला.

दूधवाल्याला त्यांनी मागं जाड आणि पुढं पातळ असे दोन वेगळे टायर घालून दिले. तो म्हणाला, "भाऊ, जोडी तरी जुळवा." तर म्हणाले, "ओझं मागं बसते गा. पुढच्या चाकानं फक्त वाट दाखवाची हाये, त्याले कायले जाड करतं?"

आणि माझं सांगते. मी अंगणवाडीत सेविका होते. सायकल शिकले ती पस्तिशीत, पदर खोचून, गावाचं हसू झेलत. माझी अंगणवाडी नाल्यापलीकडं, रस्ता काळ्या मातीचा. मी आपली शहाणी, म्हटलं, "चिखल आहे, मला चांगला खोल नक्षीचा टायर द्या." मिस्त्रीभाऊ हसले. "बाई, काळ्या मातीले नक्षी लय आवडते. दिसली का येऊन बसते, उठतच नाही. मंग चाक जाम, अन् तुमी सायकल डोक्यावर घेऊन वाडीत. तुमाले पातळ टायर, बारीक नक्षी. अन् पावसाळ्यात मडगार्ड काढून घरी ठेवजा." तसंच केलं. एकाही पावसाळ्यात माझी अंगणवाडी उशिरा उघडली नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या लक्षात आली का? माझी चप्पल त्यांनी पाहिली नाही. बायकांची, पोरींची चप्पल ते कधी मागत नसत. आपल्या हातात बाईमाणसाची चप्पल घेणं त्यांना प्रशस्त वाटत नसे. बायकांना ते नुसतं विचारायचे, आणि त्या सांगतील तो रस्ता खरा धरायचे.

तिथंच एकदा घोळ झाला.

माझ्या घराला लागून सुजाताचं घर. आई-बाप दोघं मजुरीला जाणारे, पोरगी हुशार. दहावी झाली, आणि पुढची शाळा सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावात. जुनी सायकल मिळाली, पण टायर पार गेलेले. मीच तिला घेऊन लिंबाखाली गेले.

"जयभीम, बाई. काय म्हणते पोरगी?"

"अकरावीला चालली. टायर टाकून द्या."

"पहिले रस्ता सांग, बेटा."

सुजाता म्हणाली, "फाट्यावरून. डांबरीनं."

मिस्त्रीभाऊंनी कारंजाच्या बाजारातून टायर आणले. ते टायर आणायला जात तेव्हा दोन्ही खांद्यांवर, गळ्यात टायर अडकवून एसटीतून उतरायचे, आणि कंडक्टर ओरडायचा, "मिस्त्री, सत्कार कुठी झाला?" तर असे आणलेले ते पातळ, गुळगुळीत टायर त्यांनी सुजाताच्या सायकलला बसवले. म्हणाले, "डांबरीवर पातळ टायर अन् टणक हवा. पाय दुखत नाही, बेल वाजाच्या आंधी पोचशीन."

महिन्याभरात पोरगी दोनदा पंक्चर होऊन सायकल ढकलत आली. दुसऱ्या वेळी तर दिवेलागण झाली होती. बाप दारात उभा, तोंड काळवंडलेलं. माझ्याकडं वळून म्हणाला, "बाई, मी काई तिचा वैरी नाही. पण एकटी पोरगी अंधारात सायकल ढकलत येते, माह्या जिवाचं काय होते मलेच माहीत. अजून एकदा असं झालं ना, तर शाळा बंद. मंग मले कोणी काई म्हणजा नोको."

सुजाता चुलीपाशी बसून होती. चुलीत काड्या सारत राहिली.

सकाळी मी सुजाताची सायकल घेऊन तरातरा लिंबाखाली गेले. "भाऊ, तुमचा टायर धोका देऊन राह्यला. एका पोरीची शाळा जाते तुमच्या टायरपायी!"

मी फार बोलले. आज आठवलं की जीभ चावावीशी वाटते. त्यांनी सायकल उलटी केली. ट्यूब काढली, घमेल्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं. मग टायरच्या आतून बोटं फिरवत गेले, हळूहळू, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसे. एका जागी थांबले. काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"वळखा."

"बाभळीचा."

"बाभूळ डांबरीच्या कडेले हाये. हा बाभळीचा नाही. हा बोरीचा." मग त्यांनी मडगार्डाच्या आतून वाळलेली काळी ढेप काढली. "अन् हे? डांबरीवर काळी माती कोठून आली, बाई?"

माझ्या लक्षात आलं. बोरी आहेत त्या पांदणीत, शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेला. कुंपणाला बोरीच्या काट्या बैलगाडीतून नेतात, त्या सांडतात वाटेवर. पांदणही जाते मोठ्या गावालाच, पण कोण जातं तिकडून?

मिस्त्रीभाऊ खाली मान घालून म्हणाले, "तिची चप्पल पाहा. तुमी पाहा. मले नाही पाहता येत."

त्या दिवशी सुजाता माझ्याकडं आली तेव्हा मी तिची चप्पल उचलून उलटी केली. तळ बोरीच्या काट्यांनी भरलेला. पोरीनं माझ्याकडं पाहिलं आणि रडायलाच लागली.

"फाट्यावर पानटपरी हाये ना, मोठीमाय. तिथं चार पोट्टे गाड्या आडव्या लावून बसतात. रोज काईबाई बोलतात. एकानं हँडल धरलं. घरी सांगतलं तर बाबा शाळाच बंद करतीन. म्हणून मी पांदणीनं जातो."

आता बघा, कशी कोंडी होती. खरं सांगितलं तर शाळा जाते, खोटं सांगितलं तरी शाळा जाते.

मी मिस्त्रीभाऊंना सांगितलं. वर माझी हुशारीही जोडली, "मग जाड टायर टाका. आतून जुन्या टायरचं अस्तर लावा. काटा पोचणारच नाही."

"टाकतो ना. अर्ध्या घंट्याचं काम हाये." ते घमेल्यातल्या पाण्याकडं बघत राहिले. "पण वजनी होईन सायकल. सात किलोमीटर रेटून पोरगी वर्गात झोपन. अन् यंदाचं लांबलेलं पाणी पडल्यावर? जाड टायरात काळी माती बसन, चाक फिरणार नाही. मंग पोरगी कोणत्या रस्त्यानं जाईन?" मग म्हणाले, "टायर बराबर हाये, बाई. तिचा रस्ताच कोणी हिसकून घेतला."

त्यांनी टायर बदलला नाही. पंक्चर काढलं, हवा टणक भरली आणि मला म्हणाले, "पोरीले सांगजा, उद्यापासून डांबरीनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली दुकान बंद. ते पेटी, पंप आणि घमेलं घेऊन दुखऱ्या गुडघ्यानं फाट्यापर्यंत पायी गेले होते. टपरीच्या अगदी समोर एक दगड आहे, त्यावर बसले. सुजाता यायच्या वेळेला ती पोरं गाड्या लावून बसलेलीच. मिस्त्रीभाऊंनी भांडण केलं नाही, दम दिला नाही. खणखणीत आवाजात एकेकाला विचारलं, "काय गा, कोणाचा तू? कोण्या रस्त्यानं चालला? चप्पल दाखव."

पहिल्या दिवशी पोरं हसली. दुसऱ्या दिवशीही हसली. पण रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, म्हातारा तेच विचारतो, "सांग ना बे, रस्ता सांग. कोठं चालला?" काय सांगतील? कुठं जायचंच नव्हतं त्यांना. आठ-दहा दिवसांत दोघं यायचे बंद झाले. मग उरलेलेही. त्यातला एक पुढं आपल्या बहिणीची सायकल घेऊन आला, मिस्त्रीभाऊंकडून हवा भरून घेतली आणि खाली मान घालून गेला.

गावात कुरकुर झाली. टायर बदलायला आलेली माणसं लिंबाखाली ताटकळत. "मिस्त्री, दुकान फाट्यावर नेलं का?" ते म्हणायचे, "गावात हवा कमी पडते, बाप्पा." खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही.

पण बाप तो बापच. एका सकाळी मजुरीला जाताना सुजाताच्या वडिलांनी फाट्यावर थांबून विचारलं, "मिस्त्री, इथं कायले बसता?"

"डांबरीवर खिळे लय पडून राह्यले. येचतो."

बापानं दगडाकडं पाहिलं, टपरीकडं पाहिलं. तेवढ्यात सुजाता घंटी वाजवत समोरून गेली, आणि मिस्त्रीभाऊंनी उगाच हात वर केला. बाप मजुरीला न जाता तसाच घरी परतला. मला वाटलं, झालं, आता शाळा सुटली.

पुढं पावसाळ्यात मिस्त्रीभाऊंचा गुडघा सुजला, चार दिवस उठता येईना. मी घाबरत फाट्यावर गेले. दगडावर सुजाताचा बाप बसला होता. समोर पंप उभा केलेला. टायर आणि ट्यूब यातला फरकही नीट न कळणारा माणूस. मजुरीची वेळ टळत होती तरी बसला होता. मला म्हणाला, "मी कायले बसलो, पोरीले नोको सांगजा. तिले वाटू द्या, मिस्त्रीचा पंप राखून राह्यलो."

असे दोघांनी मिळून ते दोन पावसाळे काढले. सुजाता बारावी झाली. आता वाशीमला नर्सिंग शिकते. तिच्या त्या पातळ टायरांना त्यानंतर एकदाच पंक्चर झालं, आणि तेही खरोखरच्या खिळ्यानं. मिस्त्रीभाऊंना त्याचा केवढा आनंद! तो खिळा त्यांनी पेटीत जपून ठेवला होता.

मागच्या पोळ्यानंतर मिस्त्रीभाऊ गेले. झोपेतच गेले. लिंबाच्या फांदीवरचा टायर कोणी काढला नाही, चिमण्यांनी त्यात काड्या आणून टाकल्या आहेत. माझ्या सायकलचा मागचा टायर पार गुळगुळीत झाला. कारंजात दुकानं पुष्कळ. एका दुकानात गेले, त्यानं विचारलं, "कितीचा दाखवू?" मी तशीच परत आले.

सुजाता सुटीत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आता लपवून काय करायचं? ती फाट्यावर जाऊन त्या दगडापाशी बराच वेळ उभी राहिली. येताना म्हणाली, "मोठीमाय, मी त्यायले रस्ता खोटा सांगतला होता. माफी मांगाची राह्यली." मी म्हटलं, "त्यांना टायरमध्येच कळलं होतं, बेटा."

यंदा गावातून चार पोरी अकरावीला जातात. चौघींना मी एकदम सांगते, पहिल्या दिवशीच सांगते, की रस्ता खरा सांगायचा, घरीसुद्धा. आणि सुजाताचा बाप? त्याला आता फाट्यावर बसायची काही गरज नाही. त्याची पोरगी वाशीमला आहे. तरी चौघी जायच्या वेळेला तो पंप घेऊन त्या दगडावर असतो.

तर असं आहे. टायर कोणताही घ्या, पण एकदा आमच्या गावी या. आज-उद्या करू नका, मी काही तरणी नाही. बोरं पिकली आहेत, त्याच पांदणीतली वेचून ठेवते तुमच्यासाठी. एसटीतून गावाआधी फाट्यावरच उतरा, दगडावर एक माणूस बसलेला दिसेल. तो विचारेल, "कोण्या रस्त्यानं चालले?"

खरं सांगा. म्हणावं, बाईकडं चाललो.