जुनं सगळं चालणारा कॉम्प्युटर

त्या दिवशी वर्ध्यात ऊन असं होतं, की नालवाडीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं. वारा होता, पण भट्टीच्या तोंडातून यावा तसा. दुपारी लाईन गेली आणि आमच्या प्रेसमधल्या मशिनी एकदम मुक्या झाल्या. आम्ही सगळे बाहेर कडुनिंबाखाली येऊन बसलो.

प्रेसमध्ये लाईन गेली की किस्से निघतात. छापलेले कागद गिऱ्हाईक घेऊन जाते, किस्से मात्र आमच्याकडेच पडून राहतात. रद्दीवालाही ते नेत नाही. सांगून सांगून ते इतके गुळगुळीत होतात, की खरं किती आणि वरून लावलेलं किती, हे सांगणाऱ्यालाही कळत नाही. एका किश्शाचं मात्र मला पक्कं माहीत आहे. तो शेवटी सांगतो. आधी सांगायची हिंमत नाही, असं समजा.

•

शाळेत मी गेलो नाही. अक्षरं शिकलो ती प्रेसमध्ये, शिशाच्या खिळ्यांवरून. खिळ्यावर अक्षर उलटं असते, आरशात दिसावं तसं. त्यामुळे माझा 'क' पहिली दोन वर्षं डावीकडचा उजवीकडे होता. कोणी टोकलं नाही, कारण छापल्यावर सगळं सरळच व्हायचं.

मोठ्या मालकांनी एकदा मला बँकेत खातं उघडायला पाठवलं. मी ऐटीत सही केली. देवराव, पूर्ण नाव, आडनाव, सगळं. बाबूनं कागद जवळ घेतला, दूर नेला, मग उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला.

"सही बरोबर हाये," तो म्हणाला. "पन तुम्ही ते कागदाच्या आतून केली काय?"

त्या दिवसापासून मी सरळ अक्षर गिरवलं. मराठी आज मी कोणतंही वाचतो.

•

मग खिळे गेले. मोठ्या मालकांचे चिरंजीव सुरेशबाबू गादीवर आले आणि त्यांनी कॉम्प्युटर आणला. खिळे किलोवर विकले. माझ्यासोबत खिळे जुळवणारे दोन जुळारी होते, त्यांनाही घरी बसावं लागलं.

सुरेशबाबूंनी मला विचारलं, "देवराव, तुमाले इंग्रजी अक्षरं येते ना? फाइलींचे नावं इंग्रजीत राहतीन."

"येते की," मी म्हटलं.

येत नव्हती. पण त्याच सकाळी त्या दोघांना जाताना पाहिलं होतं.

काम मला थोडंच होतं. मजकूर सुरेशबाबू स्वतः बसवायचे. मी फक्त त्यांची तयार फाईल उघडून कागद काढायचा, त्याची प्लेट बनवायची आणि मशीनवर चढवायची. तर मी फाइली जागेवरून ओळखू लागलो. शाळेचे अर्ज वरच्या ओळीत दुसरे. दवाखान्याचं पॅड त्याच्या खाली. आणि आजचं नवं काम नेहमी सगळ्यात शेवटी. इतकी वर्षं एकदाही चुकलो नाही.

कटिंग मशीनवरचा मुरलीधर गिऱ्हाइकांना माझं कौतुक सांगायचा. "आमचा देवराव नावसुद्धा वाचत नाई, सरळ फाईल उघडते."

मी मान खाली घालून शाई ढवळायचो. लोक म्हणायचे, किती साधा माणूस आहे.

•

तो कॉम्प्युटर म्हातारा होऊन एक दिवस बंद पडला. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या, पण तुमचं ते मराठी जुळवायचं सॉफ्टवेअर नव्यावर चालणार नाही, ते फार जुनं झालं. म्हणजे सगळ्या फाइली आतल्या आत कोंडलेल्या. सुरेशबाबू दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. मला दिसलं ते एवढंच, की डबा तसाच परत जायचा.

मीच म्हटलं, आमच्या बोरगाव मेघेत शेजारच्या कमलावहिनींची सून आहे, वैशाली. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची, लग्नानंतर घरीच असते. तिला विचारून पाहतो.

कमलावहिनींनी आधी नाही म्हटलं. "घरातली सून दुकानादुकानात स्क्रूचा पेचकस घेऊन फिरन काय?" मग माझ्या तोंडाकडे पाहून हो म्हटलं. "तुमी हाये तिथं म्हनून पाठवतो, भाऊ."

हे वाक्य मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

वैशाली आली. तिनं नव्या कॉम्प्युटरवर एक वेगळीच सिस्टीम टाकली. नाव सांगितलं होतं, माझ्या जिभेवर बसलं नाही. मोठ्या कंपनीची नव्हे. देशोदेशीच्या लोकांनी आपापल्या घरी बसून बनवलेली, फुकट वाटलेली. दिसायला जुन्यासारखी, आणि जुनी सॉफ्टवेअरं तिच्यावर चालतात.

मुरलीधरनं विचारलं, "त्या जुन्या सॉफ्टवेअरले कळत नाई का, घर बदललं म्हनून?"

"नाही कळत काका. आतली मांडणी सगळी तशीच ठेवलेली असते. त्याला वाटतं आपण आपल्याच घरी आहो."

"म्हनजे पोरगी सासरी आली, अन् तिले माहेरच वाटून राह्यलं."

वैशालीनं स्क्रू घट्ट करता करता म्हटलं, "असं सासर कुठं असलं तं पत्ता देजा मले."

सुरेशबाबू पहिल्यांदा हसले. त्या संध्याकाळी डबा रिकामा गेला.

•

सिस्टीम अजून कच्ची होती, हे वैशालीनं लपवलं नाही. "कधी कधी अडकते. दर थोड्या वेळानं सेव्ह करत जा," असं तिनं पुठ्ठ्यावर लिहून कॉम्प्युटरला टांगलं. आणि खरंच, एकदा लग्नाच्या पत्रिकेचा नमुना काढला, तर कागदावर नुसते वेटोळे आणि टिंबं. प्रिंटरचं आणि सिस्टीमचं जमत नव्हतं.

गिऱ्हाईक समोर बसलेलं. त्यानं कागद फिरवून फिरवून पाहिला. "हे काय हो?"

मुरलीधर म्हणाला, "तेलुगू."

गिऱ्हाईक खूश झालं. "बरं झालं, आमचे व्याही सिरोंच्याकडचेच हायेत, घरी तेलुगूच चालते. पन्नास कार्ड असेच राहू द्या."

वैशालीनं येऊन ते तासाभरात दुरुस्त केलं. मग नालवाडीतल्या आणखी तीन-चार दुकानांतून तिला बोलावणं येऊ लागलं. कोणाचं जुनं बिलाचं सॉफ्टवेअर, कोणाचं कुंडल्या जुळवायचं. जुनं सगळं चालवून देणारी बाई, असं तिचं नाव झालं. सकाळी ती स्कुटीवर निघायची तेव्हा कमलावहिनी फाटकापर्यंत येऊन उभ्या राहायच्या. 

•

आता तो किस्सा, ज्यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त हसतात. मुरलीधर सांगतो तसा सांगतो.

हिंगणीचे झाडे म्हणून शेतकरी. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका आम्हीच छापल्या होत्या. आता धाकटीचं लग्न. सुरेशबाबूंनी मोठीचीच पत्रिका घेऊन नावं, तारीख, मंगल कार्यालय बदललं आणि धाकटीची नवी फाईल तयार केली. ते नागपूरला गेले, मागे कार्डं छापली, झाडे बंडल घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी झाडे परत. कार्डावर मोठीचं नाव, मोठ्या जावयाचं नाव, जुनी तारीख. चारशे कार्डं, झालेल्या लग्नाची.

इथं मुरलीधर थांबतो. बिडी काढतो. आणि म्हणतो, "वैशाली सांगे, हिच्यावर जुनं सगळं चालते. मंग जुनं लग्न काऊन नाई चालनार?"

लोक पोट धरून हसतात. नवं गिऱ्हाईक असलं तर त्याला पुन्हा सांगावं लागते.

•

त्या लाईन गेलेल्या दुपारीही मुरलीधरनं हाच किस्सा काढला. समोर एक किराणा दुकानदार बसला होता. त्याचा जुना कॉम्प्युटर बिघडला होता, तो विचारत होता, कोणी चांगला माणूस आहे का. मुरलीधर म्हणाला, "कोनालेही बोलवा, फक्त त्या वैशालीले नका बोलवू." आणि मग जुनं लग्न काऊन नाई चालनार, इथपर्यंत सगळं.

सगळे हसले. मीही हसलो.

 हसून झाल्यावर उठलो, मालकाला म्हटलं बरं वाटत नाही, आणि सायकल काढली.

मुरलीधरच्या किश्शात जे नाही ते हे. त्या दिवशी सुरेशबाबू जाताना म्हणाले, "देवराव, झाड्यांची फाईल तयार हाये, काढून घेजा." नव्या सिस्टीमवर फाइली इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं बसतात, नवी शेवटी बसत नाही. हे वैशालीनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. सिस्टीम आल्यापासूनच्या तीन आठवड्यांत कागद सुरेशबाबूच काढून देत, म्हणून माझं निभावलं. त्या दिवशी मी सवयीनं शेवटची फाईल उघडली. झाड्यांचं आडनाव इंग्रजीत शेवटच्या अक्षरानं सुरू होते. शेवटी त्यांच्याच दोन फाइली होत्या, आणि सगळ्यात शेवटी मोठीची.

मजकूर तर मराठीत होता. मी वाचू शकत होतो. पण छापणारा वाचत नसतो, शाई पाहत असतो. शाई फार छान बसली होती.

झाडे परत आले तेव्हा ओरडले नाहीत. बंडल टेबलावर ठेवलं. म्हणाले, "मोठी दोन वर्सापासून घरीच हाये, मालक. तिकडं जमलं नाई. बंडल तिनंच सोडलं." मग म्हणाले, "एक कार्ड वाचलं, अन् होतं तसं बांधून ठेवलं. सुतळीची गाठसुद्धा तशीच मारली. मले म्हने, बाबा, हे बदलवून आना."

सुरेशबाबू माझ्याकडे वळले. "देवराव?"

मी म्हटलं, "मी तं बरोबरच उघडली. या सिस्टीमनंच जुनं काढून देलं."

वैशालीला बोलावलं. ती कॉम्प्युटरसमोर बसली, काहीतरी पाहिलं, आणि म्हणाली, "असं होत नाही. जी उघडू तीच उघडते."

"होत नाई म्हनता, तं हे काय हाये?" सुरेशबाबूंनी कार्ड तिच्यासमोर धरलं.

ती माझ्याकडे वळली. "काका, कोणती उघडली होती तुम्ही?"

मी शाईचा डबा उचलला आणि आत गेलो.

तिनं पुढे काही म्हटलं की नाही, मला ऐकू आलं नाही. मशीन मी स्वतःच सुरू केली होती. धाकटीची कार्डं रात्रीतून छापून दिली. त्याच आठवड्यात सुरेशबाबूंनी मोठ्या कंपनीची सिस्टीम आणि नवं सॉफ्टवेअर घेतलं. जुन्या फाइली बंदच राहिल्या, लागेल ते पुन्हा जुळवायचं. बाकीच्या दुकानांत किस्सा पोचायला दोन दिवस लागले. वैशालीची स्कुटी फाटकाच्या आत उभी राहू लागली, मग तिच्यावर चादर आली.

माझ्या घराच्या खिडकीतून ती चादर दिसते. मी खिडकी लावून घेत असे. उन्हाळ्यात म्हणायचो, धूळ येते.

तर त्या दुपारी मी सायकल घरी न नेता सरळ कमलावहिनींच्या अंगणात उभी केली. खाटेवर धोतर पसरून त्या कुरडया वाळत घालत होत्या. मला पाहून त्यांनी आधी पाण्याचा तांब्या दिला. वैशाली घरात होती की नाही, मी विचारलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. इंग्रजी येत नाही इथपासून, आज हसलो इथपर्यंत. इतकी वर्षं कोणाला न सांगितलेलं एका दमात बाहेर आलं. सांगून झाल्यावर अंग हलकं वाटलं, हेही खरं.

 वहिनी एक एक कुरडई उलटत राहिल्या. शेवटची उलटून झाल्यावर पदराला हात पुसले, आणि वर न पाहता म्हणाल्या, "तुमचं मन मोकळं झालं, भाऊ. आता हे तिनं कोनाकोनाच्या दुकानात जाऊन सांगावं?"